बाथरूमची गळती, किचनच्या ट्रॉल्या आणि राजस्थानची सहल : कर्ज काढायचं की थांबायचं, हे कसं ठरवावं

२०१८च्या जुलैमध्ये आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या ओट्यावर ठिबकतंय," म्हणाल्या. गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, टाइल्स उखडून खालचा कोबा (सिमेंटचा थर) नव्याने करावा लागेल, पाइपही बदलावे लागतील, एक लाख दहा हजार धरा. घरात गवंडी येणारच आहे, तर ओट्याखालच्या गंजलेल्या ट्रॉल्याही बदलून घेऊ, असं आमचं ठरलं. त्याचे पंच्याण्णव हजार. त्याच डिसेंबरात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून सगळ्यांनी राजस्थानला जायचं ठरलं. त्याचेही पंच्याण्णव हजार. बेरीज झाली बरोब्बर तीन लाख, आणि त्याच आठवड्यात तीन लाखांचं कर्ज मंजूर असल्याचा फोन आला. आम्ही हो म्हटलं.

१४ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत, महिन्याला ६,९८० रुपये हप्ता. ते कर्ज २०२४च्या मध्यात फिटलं. मधल्या सहा वर्षांत जे कळलं, ते पहिल्यांदाच असं कर्ज काढायला निघालेल्यांसाठी सविस्तर लिहिते आहे. कर्ज काढूच नका, असं माझं म्हणणं नाही. बाथरूमसाठी मी आजही कर्ज काढीन.

पायरी १ : खर्च सुटे करा

एक कोरा कागद घ्या. जे जे करायचं आहे ते एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर त्याची वेगळी रक्कम मांडा. "घराचं काम" अशी एकच ओळ लिहू नका. गळती, रंग, ट्रॉल्या, फॉल सीलिंग, पडदे, सगळं सुटं. सहल, मुंज, सहस्रचंद्रदर्शन, मुलाचा वाढदिवस हेही सुटं.

आमची मोठी चूक इथेच झाली. एकच रक्कम, एकच हप्ता झाल्यावर कुठला खर्च तातडीचा आणि कुठला हौसेचा हे दिसेनासं होतं. गळतीची निकड खरी होती आणि तिच्याच जोरावर ट्रॉल्या आणि सहल दोन्ही कर्जात आले. "नाहीतरी कर्ज काढतोच आहोत" हे वाक्य घरात कुणी उच्चारलं, की तिथे थांबा आणि कागद पुन्हा पुढे ओढा.

पायरी २ : प्रत्येक ओळीला विचारा, वर्षभर थांबलो तर काय बिघडेल?

गळती थांबत नाही. पाणी स्लॅबमध्ये मुरत राहतं, सळया गंजतात, प्लास्टर फुगून पडतं, आणि एक लाखाचं काम दोन लाखांवर जातं. शिवाय खालच्या घराचं नुकसान भरून द्यावं लागतं ते वेगळंच. जुनं वायरिंग तापत असेल, ग्रिल गंजून सुटायला आलं असेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला भारतीय शौचालयात बसवत नसेल, तर यातलंही काही थांबण्याजोगं नाही. अशा खर्चासाठी कर्ज काढताना मनात अपराधी वाटून घेऊ नका.

ट्रॉल्या थांबू शकतात. ओढताना कुरकुरतात, एखादी अर्धीच उघडते, पण स्वयंपाक अडत नाही. वर्षभराने त्यांची किंमत थोडी वाढेल, पण ती वाढ कर्जाच्या व्याजाएवढी क्वचितच असते.

सहलीचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. हौसेसाठी कर्ज नको, हा नियम ऐकायला सोपा वाटतो. पण घरात सत्तरीपुढचं माणूस असलं, की वर्षभर थांबण्याचाही खर्च असतो आणि तो रुपयांत मोजता येत नाही. माझ्या सासऱ्यांचे गुडघे त्या वर्षी दुखायला लागले होते, पुढच्या वर्षी त्यांना प्रवास झेपला असताच असं नाही. म्हणून आम्ही घाई केली, आणि त्या घाईचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप वेगळ्या गोष्टीचा आहे. जोधपूरला आम्ही सगळे मेहरानगड बघायला वर गेलो आणि सासरे तीन तास खाली गाडीत बसून राहिले. परतल्यावर बऱ्याच दिवसांनी सहज बोलता बोलता ते म्हणाले, "मला कुणकेश्वरला एकदा जाऊन यायचं होतं." देवगड तालुक्यातलं कुणकेश्वर. त्यांचं लहानपण तिथल्या जत्रेत गेलेलं. ठाण्याहून कणकवलीपर्यंत रेल्वे, पुढे गाडी, तीन दिवस समुद्रकाठी मुक्काम. राजस्थानच्या पाव खर्चात झालं असतं आणि त्यासाठी कर्ज लागलंच नसतं. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

तेव्हा कौटुंबिक समारंभ किंवा सहल असेल, तर ज्यांच्यासाठी करायची त्यांना आधी विचारा. "काय आवडेल?" असं मोघम विचारलं तर "काही नको" हेच उत्तर येतं. दोन-तीन ठिकाणांची नावं घेऊन, समोर बसून विचारा.

पायरी ३ : खर्च नक्की कुणाचा आणि नक्की किती, हे तपासा

फ्लॅटमध्ये राहत असाल तर गळती कुठून आहे ते आधी शोधून काढा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) आपल्याच संडास-बाथरूम, सिंकमुळे होणारी आतली गळती सदस्याने दुरुस्त करायची असते. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा मुख्य ड्रेनेज लाइनमधून पाणी येत असेल, तर तो खर्च सोसायटीचा. सोसायटीला लेखी पत्र देऊन पोच घ्या. सोसायटीने करायच्या कामासाठी स्वतः कर्ज काढलेले दोन शेजारी माझ्या ओळखीत आहेत.

मग किमान तीन ठिकाणची कोटेशन घ्या, लेखी. त्यात मजुरी आणि मटेरियल वेगवेगळं दाखवायला सांगा. टाइल्स कुठल्या प्रतीच्या, प्लायवूड कुठलं, जीएसटी धरला आहे की वरून लागणार, मलबा खाली उतरवून नेण्याचा खर्च कुणाचा, सोसायटीला कामाची अनामत किती भरायची, हे सगळं त्यात आलं पाहिजे. जुन्या घरात तोडफोड झाल्यावर आत काय निघेल ते कुणीच सांगू शकत नाही. आमच्याकडे टाइल्स निघाल्यावर शेजारच्या भिंतीतला पाइपही कुजलेला सापडला. म्हणून कोटेशनच्या वर पंधरा ते वीस टक्के रक्कम हाताशी ठेवा. ही जास्तीची रक्कम शक्यतो बचतीतली असू द्या. "असू दे जरा जास्त" म्हणून कर्जाचा आकडा फुगवलात, तर उरलेले पैसे कुठे जातात ते कळतही नाही.

पायरी ४ : हप्ता तीन महिने आधीच भरून बघा

मला विचाराल, तर या लेखातली ही सगळ्यात उपयोगी पायरी. तुमचा हप्ता साधारण सात हजार होणार असेल, तर कर्ज घेण्याआधी तीन महिने तेवढी रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रिकरिंगमध्ये (आवर्ती ठेवीत) किंवा वेगळ्या खात्यात टाका. त्यात एखादा सणाचा महिना आला तर फारच चांगलं. तीन महिने ओढाताण न होता गेले, तर हप्ता झेपेल आणि शिवाय एकवीस हजार हातात आलेले असतील, तेवढं कर्ज कमी. मध्येच पैसे काढावे लागले, तर कर्ज घेण्याआधीच उत्तर मिळालं. गळतीसारखं तातडीचं काम असेल तर तीन महिने थांबता येणार नाही. मग निदान गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन बसा आणि महिनाअखेर खरोखर किती उरतं ते बघा.

सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशावर जाऊ देऊ नका. बँका याहून जास्तीलाही तयार होतात, पण घर चालवायचं असतं ते आपल्याला. आम्ही दोघांचे मिळून ६२,००० घरी आणत होतो. गृहकर्जाचे १४,००० आणि हे ६,९८०, म्हणजे अगदी काठावर. मग २०२०चा मार्च आला. ह्यांचा पगार निम्म्यावर आला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली आणि आम्ही ती घेतली, घ्यावीच लागली. पण त्या सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात चढलं. थांबलेले सहा हप्ते शेवटी भरावे लागलेच, वर जवळपास चार हप्ते जास्तीचे. म्हणून निदान तीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय हौसेसाठी कर्ज काढू नका. ही रक्कम बाथरूमलाही लावू नका.

पायरी ५ : एकदा असंही मांडून बघा

कर्ज फिटत आल्यावर मी वही घेऊन बसले आणि सगळा हिशोब पुन्हा मांडला. तेव्हा आमच्याकडे दीड लाखाची मुदत ठेव होती, लेकीच्या कॉलेजसाठी म्हणून हात न लावलेली. मुदत ठेवीवर बँका साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज देतात आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं. ठेव मोडावी लागत नाही, तिच्यावरचं व्याजही चालू राहतं.

त्या ठेवीवर साडेआठ टक्क्यांनी फक्त बाथरूमचे १,१०,००० घेतले असते आणि महिन्याला साधारण ६,५३० रुपये भरले असते, तर ते कर्ज दीड वर्षात फिटलं असतं. व्याज साडेसात हजारांच्या आसपास. त्यानंतर महिन्याला सात हजार बाजूला टाकत गेलो असतो, तर चौदा महिन्यांत ट्रॉल्या आणि पुढच्या चौदा महिन्यांत सहल. एकूण सेहेचाळीस महिने. किमती वाढल्या असत्या म्हणून आणखी चार महिने धरू, पन्नास.

प्रत्यक्षात तेवढाच हप्ता आम्ही साठ महिन्यांसाठी मान्य केला होता, आणि तीन लाखांवर १,१८,८०० रुपये व्याज. मुदत तीन वर्षांची घेतली असती तर हप्ता १०,२५० झाला असता, व्याज मात्र ६९,०००. "हप्ता कमी बसवून देतो" असं कुणी म्हणालं, तर तो मुदत वाढवून देतो आहे, हे लक्षात घ्या. तुमचेही आकडे असेच दोन रांगांत मांडा, एकीकडे कर्ज, दुसरीकडे तोच हप्ता बचतीत. हप्ता काढायची गणकयंत्रं बँकांच्या संकेतस्थळांवर असतात, अर्धा तासही लागत नाही.

पायरी ६ : घ्यायचंच ठरलं, तर कुठून

मी पुढच्या वेळी ज्या क्रमाने बघीन, तो क्रम असा.

१. मुदत ठेवीवरचं कर्ज. वर सांगितलंच. कागदपत्रं जवळपास नाहीत, प्रोसेसिंग फी बहुतेक ठिकाणी नसते. पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातं असेल, तर खातं उघडल्यापासून तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षापर्यंत त्यावरही कर्ज मिळतं. मुद्दल ३६ महिन्यांत फेडलं, तर व्याज वर्षाला एक टक्का. रक्कम फार मिळत नाही, पण छोट्या दुरुस्तीला पुरते. आयुर्विम्याच्या जुन्या पारंपरिक पॉलिसीवरही कर्ज मिळू शकतं. शाखेत जाऊन विचारा.

२. पगारदार पतसंस्था. नोकरीच्या ठिकाणी असेल तर चौकशी जरूर करा. हप्ता पगारातून कापला जातो, दर बरे असतात. दोन गोष्टी मात्र बघा. कर्जाच्या रकमेतले काही टक्के शेअर्सपोटी कापले जातात, म्हणून हातात कमी येतात. आणि जामीनदार लागतात. सहलीच्या कर्जाला सहकाऱ्याला जामीन राहायला सांगू नये असं माझं ठाम मत आहे. आज तो तुम्हाला जामीन राहिला, की उद्या त्याला नाही म्हणणं तुम्हालाही जड जातं.

३. गृहकर्जावरचं टॉप-अप (चालू गृहकर्जावर वाढवून मिळणारं कर्ज) किंवा गृहदुरुस्ती कर्ज. दर वैयक्तिक (विनातारण) कर्जापेक्षा बराच कमी. धोका मुदतीत आहे. दोन लाख रुपये साडेनऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता २,०९० आणि व्याज पावणेदोन लाख. तेच चार वर्षांत फेडले, तर हप्ता ५,०२५ आणि व्याज ४१,०००. तेव्हा टॉप-अप घ्या, पण मुदत छोटी मागा. बदलत्या व्याजदराचं कर्ज वैयक्तिक कामासाठी असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही. बोनस आला की त्यात भरा. जुन्या करप्रणालीत असाल, तर राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरच्या व्याजाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ती गृहकर्जाच्या दोन लाखांच्या मर्यादेतच धरली जाते.

४. सोनं तारण. दर मध्यम, पैसे तासाभरात. गळतीसारख्या कामाला, वर्षभरात नक्की फेडता येणार असेल तर, ठीक. यात अनेकदा दर महिन्याला फक्त व्याज भरायचं किंवा शेवटी सगळं एकदम द्यायचं असतं. त्यामुळे मुद्दल तसंच राहतं आणि वर्षाच्या शेवटी दागिने पुन्हा गहाण टाकायची पाळी येते. सहलीसाठी मंगळसूत्र-बांगड्या तारण ठेवायला मी तयार होणार नाही.

५. वैयक्तिक कर्ज. शेवटी. आधीचे चारही मार्ग बंद असतील तर, आणि तीन वर्षांच्या आत फिटेल एवढंच.

क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवून खर्च भागवणं या यादीत मी धरतच नाही. तिथे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. फ्रिज-वॉशिंग मशीनवरचा "नो कॉस्ट ईएमआय" घेताना तीच वस्तू रोखीने कितीला मिळते ते आधी विचारा. व्याजाएवढी सूट दाखवून हिशोब जुळवलेला असतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुम्हालाच भरावी लागते, आणि रोखीची सवलत हातची जाते.

मोबाइल ॲपवरून कर्ज घेणार असाल, तर ॲपमागे कुठली बँक किंवा वित्तसंस्था आहे ते पाहा. नोंदणीकृत संस्थांच्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले संपर्क, फोटो, कॉलची नोंद बघायची परवानगी मागता येत नाही. मागितली तर ॲप काढून टाका. गावातल्या किंवा गल्लीतल्या सावकाराकडे जायची वेळ आली, तर महाराष्ट्रात त्याच्याकडे सहकार खात्याचा परवाना असावा लागतो. परवाना दाखवत नसेल तर तिथून निघा, आणि कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर कुणासाठीही सही करू नका.

पायरी ७ : सही करण्याआधी हे कागद वाचा

१ ऑक्टोबर २०२४पासून व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या (रिटेल) कर्जासोबत "की फॅक्ट स्टेटमेंट", म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, देणं बंधनकारक आहे. आम्ही कर्ज घेतलं तेव्हा हे नव्हतं. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. व्याज, फी, विमा सगळं धरून कर्ज वर्षाला खरोखर किती टक्क्यांना पडतं, ते तो आकडा सांगतो. दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करा. हा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवा, आणि त्यात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कागद मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस असतात. "आजच सही केली तरच हा दर" असं कुणी म्हणालं तर हे आठवा.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. मंजूर तीन लाख. प्रोसेसिंग फी दोन टक्के म्हणजे ६,०००, त्यावर जीएसटी १,०८०, आणि आम्ही न मागितलेला कर्जविमा ५,५००. खात्यात आले २,८७,४२०. हप्ता मात्र पूर्ण तीन लाखांवर. म्हणजे १४ टक्क्यांचं कर्ज आम्हाला जवळपास १६ टक्क्यांना पडलं. विमा नको असं लेखी सांगता येतं. सही करताना त्या पानावर बोट ठेवून विचारा.

आणखी तीन प्रश्न विचाराच. व्याज "फ्लॅट" (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवर? फ्लॅट दहा टक्के ऐकायला स्वस्त वाटतं, पण तीन वर्षांच्या कर्जात ते घटत्या शिलकीच्या जवळपास अठरा टक्क्यांएवढं होतं. दुसरा प्रश्न, मुदतीआधी फेडल्यास किती आकार आणि किती महिन्यांनंतर? वैयक्तिक कर्जाचा दर बहुधा स्थिर असतो, त्यामुळे इथे दंड लागू शकतो. तिसरा, हप्ता चुकला तर काय? यावर आता दंडात्मक व्याज लावून ते मुद्दलात मिळवता येत नाही, फक्त दंडात्मक आकार घेता येतो. तो किती ते त्या कागदात असतं.

पायरी ८ : लागणारी कागदपत्रं

- आधार, पॅन, दोन फोटो, पत्त्याचा पुरावा
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- फॉर्म १६. स्वतःचा व्यवसाय असेल तर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं
- टॉप-अप किंवा गृहदुरुस्ती कर्जाला : खरेदीचा करारनामा, इंडेक्स २, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र, कामाचं कोटेशन, ग्रामपंचायत हद्दीत घर असेल तर नमुना ८ चा उतारा
- पतसंस्थेला : जामीनदारांच्या पगाराच्या स्लिपा आणि ओळखपत्रं
- तुमचा क्रेडिट रिपोर्ट (आधीच्या कर्जांच्या फेडीची नोंद आणि त्यावरून दिलेला स्कोअर)

शेवटचं बँक मागत नाही, ती स्वतःच काढते. पण आधी तुम्ही बघून घ्या. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो आणि स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. माझ्या रिपोर्टमध्ये कधीच बंद केलेलं एक क्रेडिट कार्ड थकीत दिसत होतं. तक्रार नोंदवली आणि दुरुस्त झालं. एकाच आठवड्यात पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची नोंद रिपोर्टवर होते आणि पुढचा अधिकारी ती बघतो.

पायरी ९ : पैसे खात्यात आल्यावर

कर्जाचे पैसे पगाराच्या खात्यात मिसळू देऊ नका. वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिथूनच कामाचे पैसे द्या. कंत्राटदाराला निम्मी रक्कम आधी देऊ नका. थोडा ॲडव्हान्स, तोडफोड आणि प्लंबिंग झाल्यावर काही, कोबा झाल्यावर काही, टाइल्स लागल्यावर काही, असे टप्पे लिहून घ्या आणि निदान दहा टक्के शेवटासाठी राखून ठेवा. बाथरूमचा कोबा झाल्यावर, टाइल्स लावायच्या आधी, जाळी बंद करून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत बघून या. आमच्या गवंड्याला घाई होती, त्याला थांबायचं नव्हतं. तरी आम्ही दोन दिवस थांबलो, आणि एका कोपऱ्यात ओल दिसली. टाइल्स लागल्यावर दिसली असती, तर सगळं पुन्हा उखडावं लागलं असतं.

भिंतीतले नवे पाइप आणि वायरी झाकण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. पुढे खिळा मारताना उपयोगी पडतात.

हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची मागून घ्या. एखादा हप्ता भरणं जमणार नसेल, तर तो चुकायच्या आधी बँकेत जाऊन लेखी कळवा. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देता येत नाही. तसं झालं तर आधी त्याच संस्थेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पायरी १० : कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपलं असं समजू नका. "येणे बाकी नाही" असा दाखला मागून घ्या. हप्त्यांसाठी दिलेले चेक परत घ्या, बँकेतलं हप्त्याचं ऑटो-डेबिट बंद झाल्याची खात्री करा. घराची कागदपत्रं तारण होती, तर पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत ती परत मिळाली पाहिजेत. संस्थेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा आणि त्या कर्जासमोर "बंद" लिहिलं आहे ना ते बघा. आमचं कर्ज फिटून अडीच महिने झाले तरी रिपोर्टवर चालूच दिसत होतं. दाखला जोडून तक्रार केली, तेव्हा कुठे ते निघालं. तो दाखला मी करारनाम्याच्या फाइलमध्येच ठेवला आहे, बाथरूमच्या पाइपांच्या फोटोंबरोबर.